घर का ठरत नाही, ते सांगते

सांगली, 14 जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल तुम्ही विचारलंत, पैसे पाठवून महिना झाला, अजून घर का ठरत नाही? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. बेदाण्याचे पैसे आहेत ते. आई उन्हातान्हात शेडवर उभी होती, ते मी पाहिलंय.

मारुती चौकाजवळचा फ्लॅट फोटोत तुम्हाला आवडला, मलाही आवडला होता. शाळा पाच मिनिटांवर, किंमत आवाक्यातली. एजंट म्हणाला, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. मी त्याच दिवशी 21 हजार टोकन दिलं, पावती म्हणून वहीच्या कागदावर चार ओळी घेतल्या. हे तुमच्यापासून लपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेले. पार्किंगच्या भिंतीला ताजा रंग, पण मीटरची पेटी माझ्या डोक्याच्याही वर ठोकलेली. जिन्याच्या आतल्या अंगाला, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे गाळाची तपकिरी रेघ. शेजारच्या आजींनी सातव्या पायरीवर हात ठेवला. "2019 ला पाणी हितवर हुतं, बाळ." त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 ची. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, घरात पाणी आलं नसतं. पण लाइट नाही, प्यायला पाणी नाही, बाहेर पडायचं तर बोट. तशात आईला त्या गुडघ्यांनी मी कुठे उतरवू?

टोकनसाठी सहा वेळा खेटे घातले. 10 हजार परत मिळाले, 11 हजार गेले. तेव्हापासून जागा बघायला निघण्याआधीच विचारते, निळ्या रेषेत आहे की लाल? निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या.

मग विश्रामबागेत एक बघितला. 850 स्क्वेअर फूट सांगितला. मी टेप घेऊन गेले होते, भिंतीच्या आतलं भरलं 590. रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून बिल्डरने कार्पेटच, म्हणजे भिंतीच्या आतलाच एरिया सांगायचा असतो, पण जुना फ्लॅट विकणारे अजून सेलेबलच बोलतात, म्हणजे भिंती, जिना सगळं धरून. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला मागितला, तर "लाइट-पाणी चालू आहे की ताई, कशाला पाहिजे?" तिथूनच परत आले.

आता जो मनात आहे तो 9 वर्षांचा आहे, तोही विश्रामबागेतच. 40 लाख. भोगवटा आहे, सोसायटीची थकबाकी नाही. जागेचा 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी, वकिलांकडे दिलाय. बँक 80 टक्के देते, म्हणजे 32 लाख. तुमचे 2 आणि माझे साठवलेले 6 धरून बाकीचे 8 जमतात. पण मुद्रांक, नोंदणी, वकील हा खर्च बँक धरत नाही, तो खिशातूनच जातो. मी आधी तो हिशेबात घेतलाच नव्हता.

बाबा, त्यासाठी विहिरीकडचा जमिनीचा तुकडा विकायला काढू नका. हात जोडून सांगते. हप्ताच 28 हजारांच्या आसपास बसतोय, तो मी एकटीने भरू शकते. वरच्या खर्चाला दिवाळीपर्यंत पैसे जमवते. तोवर हा फ्लॅट गेला तर गेला, दुसरा बघू. जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणखी एक, वाईट वाटून घेऊ नका. घराला तुमचं नाव लावायचं मी कबूल केलं होतं. पण फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे 40 हजार. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. म्हणून आईचं आणि माझं लावावं म्हणते. आई, तुझ्या नावावर आजवर साधं लाइटबिलसुद्धा आलेलं नाही.

रविवारी पहिल्या एसटीने या. सकाळी 7 ला त्या इमारतीत नळाला किती जोर असतो ते बघायचंय, आणि आईने ओट्याशी उभं राहून सांगावं, उंची बसते का. मी स्टँडवर घ्यायला येते.

तुमची,
माई