युवा गटाची जबाबदारी घेताना

प्रिय बाळा,

धर्मग्रामाचा, म्हणजे आपल्या पॅरिशचा, युवा गट आता तुझ्याकडे आला आहे. कौतुक फोनवर करून झालं, आता कामाचं लिहितो.

सभा दीड तासाची ठेव आणि ठरल्या वेळी संपव. सभा लांबत गेली की आधी गळतात ती वेळ पाळणारी मुलं. येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सेत वाचायचा येशूच्या जीवनाचा उतारा, दोनदा वाचून घे, दोन वेगळ्या मुलांकडून. मग तीन मिनिटं शांतता. ती भल्याभल्यांना झेपत नाही, अर्ध्या मिनिटात कुणीतरी खाकरतं आणि गटप्रमुख प्रवचन सुरू करतो. तू गप्प बस. त्यानंतर सहा-सात जणांचे गट कर, कारण पंधरा जण एकत्र बसले की तिघेच बोलतात. ‘यातलं काय पटत नाही?’ असा प्रश्न टाक. ‘येशू आपल्याला काय शिकवतो?’ असं विचारलंस तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. तू सगळ्यात शेवटी बोल, आणि थोडकंच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातली एम्माउसची वाट परत वाच. पुन्हा उठलेला येशू वाटेतल्या दोन खचलेल्या शिष्यांना आधी विचारतो, तुमचं काय बोलणं चाललंय? त्यांची निराशा पूर्ण ऐकून घेतो, शास्त्र उलगडतो ते त्यानंतर. गावाजवळ आल्यावर तर पुढे निघाल्यासारखं करतो. ‘राहा’ म्हणतात ते दोघे. मुलांनाही बोलावण्याची संधी दे.

मुलांसाठी आयुष्य वेचणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी 10 मे 1884 रोजी रोमहून पत्र लिहिलं, त्यातली तक्रार अशी की शिक्षक आता मैदानात मुलांबरोबर दिसत नाहीत. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सभेच्या आधीची वीस मिनिटं माईक आणि खुर्च्यांत घालवू नकोस. ते काम दोघांना वाटून दे आणि दाराशी उभी राहा. मागच्या वेळी कुणाची परीक्षा होती, कुणाचे आजोबा आजारी होते, ते आठवणीनं विचार.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कधीतरी कुणीतरी म्हणेल, ‘ताई, एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही.’ तसा शब्द देऊ नकोस. पापनिवेदनातली (कन्फेशनमधली) गुप्तता अभंग असते, पण ते बंधन धर्मगुरूचं आहे, तुझं नाही. ऐकण्याआधीच सांग, ‘तुला किंवा आणखी कुणाला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल.’ अत्याचाराचं काही निघालं तर खोदून विचारू नकोस, ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायलाही जाऊ नकोस. दोन्हींनी पुढची चौकशी बिघडते. त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून काढ आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळव. कायद्यानं पोलिसांना कळवायचं असेल तर तेही व्हायलाच हवं, मग आरोप कुणावरही असो. अल्पवयीन मुलाशी बंद खोलीत एकटीनं बोलायचं नाही. रात्री खाजगी मेसेजही नकोत, हेतू कितीही चांगला असला तरी.

रिट्रीटनंतरचे, म्हणजे प्रार्थना-शिबिरानंतरचे, दोन महिने सांभाळ. मुलं भारावून परततात आणि आपण त्यांच्यासमोर व्याख्यानमाला मांडतो. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांसाठी लिहिलेल्या 2019च्या ‘क्रिस्तुस विवित’ या पत्रात नेमकी हीच चूक दाखवली आहे: सिद्धांत आणि नीतीच्या बैठकांनी मुलं कंटाळतात, ख्रिस्तभेटीची ऊब निवते. त्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास पवित्र साक्रामेंताची (वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोरची) आराधना ठेव आणि एखादं सेवेचं काम हाती घ्या. प्रश्न निघतील तशी शिकवण दे.

आणि पहिल्याच महिन्यात दोन जण हेरून ठेव, जे पुढे हा गट चालवतील. त्यातला एक तुझ्याशी वाद घालणारा असू दे. तिसरी सभा त्यांना पूर्ण घेऊ दे, तू मागच्या खुर्चीवर बस. ती फसली तरी मध्ये पडू नकोस. काय चुकलं ते दुसऱ्या दिवशी तिघांनी बसून बोला.

तुझे,
बाबा