चावीच्या घड्याळात सेलची मशीन बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नांदेडचा, तुमच्या पेपरचा जुना वाचक. पत्र जरा लांब झालंय, पण विषय असा आहे की दोन ओळीत उरकला तर मलाच बरं वाटणार नाही, जागा असेल तर सगळं छापा, नसेल तर शेवटची मागणी तरी नक्की छापा.

सध्या ऑनलाइन जुन्या घड्याळांच्या जाहिराती खूप दिसतात. सागवानी केस, पॉलिश मारलेली, काच चकचकीत, आणि खाली लिहिलेलं असतं "अँटिक घड्याळ, नवीन मशीन टाकलेली, चालू कंडिशन". नवीन मशीन म्हणजे काय, तर काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत एक पेन्सिल सेल. मग आतली शंभर वर्षांची पितळी मशीन गेली कुठे? तर ती भंगारात, किलोवर, पितळेच्या भावानं! हे वाचलं की मला अक्षरशः पोटात कालवतं. लोकांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की घड्याळ म्हणजे ती मशीन, बाहेरची पेटी सुतार आजही करून देईल पण ती मशीन आता कुणी करणार नाही.

आम्हा नांदेडकरांना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळे पाहुणे आले, पोरांना सुट्ट्या लागल्या की सालारजंग म्युझियम ठरलेलं. तुमच्या वाचकांपैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथलं म्युझिकल क्लॉक बघायला जी गर्दी जमते ती मी दुसऱ्या कुठल्याच म्युझियममध्ये बघितलेली नाही. इंग्लंडमध्ये बनलेलं घड्याळ, कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीनं जोडलेलं, साडेतीनशेच्या वर पार्ट आहेत त्यात. एका बाजूला छोटा लोहार बसलाय, तो दर सेकंदाला ठोका मारत असतो, आणि तास भरायला तीन मिनिटं राहिली की एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो, जितके वाजलेत तितके टोले घंटेवर मारतो आणि परत आत जातो. दुपारी बाराच्या वेळी तर उभं राहायला जागा नसते कारण बारा टोले ऐकायला मिळतात. म्हातारे, शाळेच्या ट्रिपची पोरं, बुरख्यातल्या बायका, नऊवारीतल्या आज्या, सगळे एकाच दिशेला तोंड करून चिडीचूप. मोबाइलमध्ये सगळं जग बघणारी पोरंसुद्धा श्वास रोखून थांबतात.

पण खरी मजा घड्याळांच्या दालनात आहे आणि तिथे बहुतेक लोक पाच मिनिटंही थांबत नाहीत याचं मला वाईट वाटतं. फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड इथली घड्याळं आहेत, पिंजऱ्यात पक्षी असलेली आहेत, पुरुषभर उंचीची ग्रँडफादर आहेत, आणि काही इतकी बारीक की भिंग लावून बघावी. तिसऱ्या सालारजंगांनी म्हणजे मीर युसूफ अली खान यांनी निजामाची दिवाणी म्हणजे पंतप्रधानकी दोन-तीन वर्षं केली, १९१४ मध्ये सोडली आणि पुढचं सगळं आयुष्य वस्तू जमवण्यात घातलं. १९४९ मध्ये ते वारले, लग्न केलेलं नव्हतं, मागे वारस नाही, आणि १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्याच देवडीत म्हणजे हवेलीत पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम सुरू झालं. एका माणसाच्या नादामुळे आपल्याला युरोपात न जाता हे बघायला मिळतं, माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे.

आता नवाबाचं राहू द्या, आपल्या घरातलं बघा. जुन्या वाड्यांतून, वाचनालयांतून, शाळांच्या ऑफिसांतून अजून चावीची घड्याळं लटकलेली आहेत, बरीचशी बंद. एकदा खाली उतरवून दार उघडा, लंबक काढा आणि टॉर्च लावून आतल्या पितळी पत्र्यावर काय आहे ते बघा. आठ टोकांची चांदणी आणि मधे इंग्रजी J अक्षर असेल तर ते जर्मनीचं युंगहान्स. नांगर आणि मुकुट असेल तर गुस्ताव बेकर, ही कंपनी सायलेशियातल्या फ्रायबर्गची, तो भाग आता पोलंडमध्ये आहे. जपानच्या सेइकोशाची पण भरपूर आलेली आहेत, तीच पुढची सेइको.

आमच्या घरातलं अमेरिकन आहे, पत्र्यावर अन्सोनिया क्लॉक कंपनी, न्यू यॉर्क असा ठसा आहे. ही कंपनी एकेकाळी फार मोठी होती, १९२९ च्या सुमारास डबघाईला आली आणि कारखान्याची यंत्रसामग्री चक्क सोव्हिएत रशियाला विकली गेली. आजोबांनी घड्याळ मुंबईहून आणलं असं घरात सांगतात. पण मला त्यात सगळ्यात आवडतं ते दाराच्या आतल्या बाजूला आहे. जुने कारागीर दुरुस्ती केली की आत पेन्सिलनं तारीख टाकून ठेवायचे. आमच्या घड्याळात तीन वेगवेगळी अक्षरं आहेत. सगळ्यात वरची ओळ उर्दूत, ती शेजारच्या चाचांकडून वाचून घेतली, "साफ किया, १३५१ फसली". फसली म्हणजे निजामाच्या राज्यातली सरकारी कालगणना, १३५१ म्हणजे आपलं १९४१-४२. त्याच्या खाली मराठीत "कमान बदलली, १९५८", कमान म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाते ती स्प्रिंग. आणि तिसरी ओळ नुसती सही आणि "तेल". निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा आधी हैदराबाद राज्यात राहिला मग मुंबई राज्यात गेला मग महाराष्ट्र झाला, आणि हे सगळं होत असताना कुणीतरी येऊन हे घड्याळ साफ करून जात होतं. केस पॉलिश करताना पहिल्यांदा ह्याच ओळी घासून टाकतात हो! कृपा करून टाकू नका.

मशीनबद्दल पण थोडं सांगतो कारण एकदा कळलं की माणूस ती काढून फेकणार नाही. टोल्याच्या घड्याळाला दोन चाव्या असतात, एक वेळेची, एक टोल्यांची, दोघांच्या कमानी वेगळ्या, दोघांची चाकं वेगळी. आमच्या घड्याळात टोल्यांच्या बाजूला एक मोठं चाक आहे, त्याच्या कडेला खाचा कापलेल्या आहेत आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत वाढत जातं. एक पट्टी त्या कडेवर टेकलेली असते, ती उचललेली आहे तोवर हातोडी टोले मारते आणि ती खाचेत पडली की टोले बंद. म्हणजे एक-दोन-तीन हे आकडे त्या पितळेत कापूनच ठेवलेत. तास आणि अर्ध्या तासाचा एक असे धरले तर दिवसाला १८० टोले, त्यासाठी ना वायर ना चिप! मात्र ह्या चाकाला काटे कुठे आहेत ते माहीत नसतं, म्हणून कुणी घाईत काटे पुढे ढकलले आणि मधले टोले पूर्ण वाजू दिले नाहीत की घड्याळात चार आणि टोले तीन असं सुरू होतं. लोक म्हणतात बिघडलं, आणि तिथूनच ते सेलच्या मशीनकडे जातं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं, टोले आणि काटे परत जुळवायचे असतात, माहीतगाराला पाच मिनिटांचं काम आहे. पुढे ह्यावर उपाय निघाला, १६७६ मध्ये एडवर्ड बार्लो नावाच्या इंग्रजानं अशी रचना केली की टोले काट्यांकडूनच मोजून घेतले जातात, पण स्वस्त घड्याळांत जुनी पद्धत नंतरही दोनशे-अडीचशे वर्षं चालू राहिली.

दुसरी तक्रार असते की उन्हाळ्यात मागे पडतं. पडणारच. लंबकाची दांडी लोखंडी तारेची असते, मे महिन्यात नांदेडला बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, तार गरम होऊन किंचित लांबते, लंबक लांबला की झोका सावकाश. हिवाळ्यापेक्षा वीस डिग्री जास्त असेल तर दिवसाला साधारण दहा सेकंद, म्हणजे आठवड्याला मिनिटभराच्या वर फरक. लंबकाच्या खाली छोटा नट असतो, तो फिरवून गोळा थोडा वर घ्यायचा की झालं, थंडीत परत खाली. आमच्याकडे हे काम आईचं होतं, होळी झाली की एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. लंबकाचं घड्याळ हॉलंडच्या हायगेन्सनं १६५६ मध्ये केलं, त्याआधीची घड्याळं दिवसाला पंधरा मिनिटं चुकायची, लंबक आल्यावर तीच चूक पंधरा सेकंदांवर आली, तेव्हा उन्हाळ्यातल्या दहा सेकंदांसाठी त्याला भंगारात काढायचं हा अन्याय आहे.

आणि वेळेचा इतिहास म्हणाल तर मुंबईसारखा कुठेच नसेल. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच वेळ लागू झाली, आज जी आपण पाळतो ती. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि ती सोडायला मुंबईकर तयार नव्हते, गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि महापालिकेच्या घड्याळांवर मुंबई टाइमच राहिला तो थेट १९५५ पर्यंत! माझे चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते, ते सांगायचे की कुणी भेटायची वेळ दिली की आधी विचारायचं, स्टँडर्ड का बॉम्बे? ज्या शहरात प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसे देऊन २८० फूट उंच राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा उभा केला, १८६९ ला पाया आणि १८७८ ला पूर्ण, त्या शहरात वेळ म्हणजे किती जिव्हाळ्याची गोष्ट होती हे ह्यावरून कळतं.

मी सेलच्या घड्याळाच्या विरोधात मुळीच नाही हे स्पष्ट सांगतो. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांनी स्वस्तात घड्याळं दिली म्हणून शेतमजुराच्या घरात आणि झेडपीच्या प्रत्येक वर्गात वेळ पोचली, ते फार मोठं काम आहे. आतला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तोही चमत्कारच. पण मग सेलचं घड्याळ शेजारच्या भिंतीवर लावा ना, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, जुन्याचं काळीज काढून त्यात कशाला बसवायचं?

अडचण कारागिरांची आहे हे मला मान्य आहे. आमच्या गावात चावीच्या घड्याळाला हात लावणारे आता एकच काका उरलेत, सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला भिंग लावून अजून बसतात. मुलगा मोबाइल दुरुस्ती करतो, आणि त्याला नावं ठेवायचा आपल्याला काही हक्क नाही, घर त्याच्यावर चालतं. काका सांगतात की त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या घड्याळांना काहीच झालेलं नसतं, जुनं तेल सुकून चिकट झालेलं असतं किंवा कुणीतरी रॉकेल नाहीतर खोबरेल ओतलेलं असतं. नाहीतर घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं असतं. टिक आणि टॉक ह्यांच्यात सारखं अंतर ऐकू आलं पाहिजे, लंगडं ऐकू आलं तर पेटी खालून थोडी डावी-उजवी सरकवायची आणि कान देऊन ऐकायचं, सारखं झालं की तिथेच सोडायचं. किती बंद घड्याळं नुसती एवढ्यावर चालू होतील!

म्हणून माझ्या मागण्या आहेत. ज्या नगरपालिकांकडे, वाचनालयांकडे, जुन्या शाळांकडे अशी घड्याळं आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा चावी द्यायचं काम कुणा एका माणसाच्या नावावर टाकावं, हौशी निवृत्त लोक फुकट करतील, मी स्वतः करायला तयार आहे. आयटीआयवाल्यांनी अशा काकांना मानधन देऊन दोन-चार महिन्यांचा छोटा कोर्स चालू करावा, आणि हे लवकर करावं कारण माणसं थांबत नाहीत. निर्लेखनाच्या म्हणजे मोडीत काढायच्या सामानाच्या यादीत घड्याळ टाकायच्या आधी मशीन बघायला कुणाला तरी बोलवावं.

आणि तुम्हाला विनंती, संपादक साहेब, रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्या आणि वाचकांकडून त्यांच्या घड्याळांचे फोटो मागवा. पण प्रत्येकाचे तीन फोटो मागवा, एक डायलचा, एक आतल्या पितळी पत्र्यावरच्या ठशाचा, आणि एक दाराच्या आतल्या बाजूचा, जिथे कारागिरांनी लिहून ठेवलेलं असतं तिथला. अक्षर मोडीत किंवा उर्दूत असेल तरी पाठवा म्हणावं, वाचून देणारे लोक नांदेडात आहेत, त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय. पहिले तीन फोटो ह्या पत्रासोबत जोडले आहेत.

आपला,
एक वाचक, नांदेड