खिडकीखालचा नवरंग

टोरंटो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा रेंज गेली आणि बोलणं अर्धवटच राहिलं. छोटूनं ओसरीतलं पाखरू दाखवलं तेव्हाच ओळखलं, नवरंग. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लाल. मृगाच्या सुमारास तो दक्षिणेकडून आपल्या भागात अंडी घालायला येतो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे दमून कुणाच्या घरात शिरतो, नाहीतर भिंतीवर, काचेवर आदळतो. संध्याकाळी उडून गेला असं दादानं कळवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पण नव्या घराला संत्र्याच्या बागेकडे तोंड करून ती मोठी काळी काच बसवली आहे, तेव्हा हे पुन्हा होणार. म्हणून नीट लिहिते. बाबा, छोटूला वाचून दाखवा.

आई, तू पाण्याची वाटी घेऊन धावलीस ते दिसलं मला. आपल्याकडच्या उन्हात कुणाच्याही मनात आधी पाणीच येणार. पण झापड आलेल्या पाखराच्या चोचीत पाणी घालायचं नाही, कापसाच्या बोळ्यानंही नाही. त्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. ते शुद्धीवर नसलं की पाणी थेट श्वासात जातं. दाणेही नकोत. त्याच्या डोक्याला मार लागलेला असतो, त्याला हवा असतो फक्त अंधार आणि शांतता.

बुटांचा रिकामा खोका घ्या. पाखरू ठेवायच्या आधीच त्याला भोकं पाडा, खाली जुनं सुती कापड अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पाखरावर हलकंसं फडकं टाकून पंख मिटलेले राहतील असं उचलायचं, पण छातीवर दाब पडू द्यायचा नाही. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. मुठीत आवळला तर गुदमरतो. झाकण लावायचं आणि खोका आतल्या खोलीत, मांजर पोचणार नाही असा ठेवायचा. टिनाखाली नको, तिथं भट्टी होते.

मग कुणीही उघडून बघायचं नाही. छोटूला हेच सगळ्यात जड जाईल.

इथे पानगळीच्या दिवसांत मी फ्लॅप कॅनडाच्या लोकांसोबत पहाटे फिरते. १९९३ पासून ते उंच इमारतींखाली पडलेले पक्षी गोळा करतात. पांढऱ्या गळ्याची इथली चिमणी हमखास सापडते. फुटपाथवर पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली असते, जवळ गेलं तरी हलत नाही. एकेकीला वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचं. पुष्कळ वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग आतून कागदावर नखांची खरखर सुरू होते. तो आवाज आला की आम्ही काचांपासून लांब, झाडीत नेऊन सोडतो.

आपल्याकडेही तसंच. तासाभरानं खोका बागेत नेऊन झाकण काढा. जायचं असेल तर ते आपणहून जाईल. वर उडवून बघू नका. अंधार पडला असेल तर सकाळपर्यंत तसंच राहू द्या. दोन-तीन तासांत सावरलं नाही, पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसलं तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यजीवांसाठीच. आणि छोटू, पिंजऱ्याचा हट्ट नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपाखरू घरी ठेवता येत नाही. माणसाचा हात लागला की बाकीचे त्याला घेत नाहीत, हेही खरं नाही. बिनधास्त सोड.

दादाला एक काम. त्या काचेत सगळी बाग दिसते, पाखराला ती खरीच वाटते. आतून पडदा लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच्या अंगाला पडतं. एखादं चित्र चिकटवूनही भागत नाही, पाखरू त्याच्या बाजूनं जायला बघतं. बाहेरून वरपासून खालपर्यंत पांढरी दोरी सोड, चार-चार बोटांवर. इथल्या काचांवर पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके असतात, काम तेच. दोरीला फार पैसे लागणार नाहीत. या आठवड्यातच कर, नवरंग अजून येतच असतील.

पेरणी झाली का? आणि बाबा, गुडघ्याचं औषध चालू आहे ना, ते कळवा.

तुमची,
ताई