"मंग हीटर कायले बदलले?" – फाट्यावरच्या मेकॅनिक चाचांना आभार पत्र

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे काही करत नाही हे माहीत आहे, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की हे चहाच्या टायमाला वाचून दाखव, एरवी दाखवलं तर तुम्ही अर्ध्यातच पाना घेऊन उठाल. नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. आणि सगळ्यांसमोर लिहून राहिलो कारण जुनी डिझेल गाडी ओढत नेणारे आपल्याकडे लय आहेत आणि माझ्यासारखे पैसे घालून बसलेलेही कमी नसतील.

तर आमची 2005 ची डिझेल. पोळ्यापासून तिचं नाटक सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की नुसतं घर्रर्र घर्रर्र, चार-पाच वेळा, मग एकदाची खोकत खोकत चालू व्हायची, आणि एकदा चालू झाली की दिवसभर बंद करून चालू करा काही तक्रार नाही. बाभुळगावपर्यंत मस्त जायची आणि यवतमाळजवळचा करळगावचा घाट लागला की जीव सोडायची. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी सेकंड गिअर, मागं ऊस भरल्यासारखी. एक दिवस कापसाच्या गाठी नेणारा ट्रक मला ओव्हरटेक करून गेला, क्लिनरनं खिडकीतून हात दाखवला, तो हात अजून डोळ्यासमोर आहे.

चार महिने मी काय काय केलं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, लाज वाटली. आधी बॅटरी, 5,400 रुपये. मग चारही हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू व्हायला आतून गरम करतात ते. मग एअर फिल्टर, त्यात मात्र खरंच सरकीचा कापूस आणि धूळ गच्च होती. डिझेल फिल्टर बदलला त्यानंतर तर सकाळचा त्रास वाढलाच. एकानं तर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून चालू करून दाखवली आणि वर मलाच शिकवलं की रोज असंच करत जा. शेवटी सांगितलं, इंजिनाला डिझेल देणारा पंप गेला, खोलून नागपूरला पाठवावा लागते, चौदा हजार धरून चाला. मी कपाशीच्या पैशाकडे बघत होतो.

तोवर जुगाड म्हणजे गाडी घरी लावायचीच नाही, मारुतीच्या देवळापुढच्या उतारावर तोंड खाली करून लावायची आणि सकाळी पोरांना धक्का मारायला लावायचं. धक्क्याला एक चॉकलेट असा रेट होता.

तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटलं बोनेट उघडाल. तुम्ही उघडलंच नाही. खाटेवर बसल्या बसल्या विचारलं, "बेटा, सेल्फ मारतानी सायलेन्सरमधून धूर येते का?" मी म्हटलं, नाही, काहीच येत नाही, चालू झाल्यावर थोडासा येते.

"पांढरा पण नाई?"

"नाही."

"मंग हीटर कायले बदलले?"

आणि तुम्ही हसले. मला तेव्हा काही कळलं नाही, नंतर तुम्ही समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, की हीटर खराब असते तर डिझेल आत जाऊन न जळता पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. घाटातही तसंच, काळा धूर टाकून गाडी मरत असती तर हवा कमी पडते म्हणायचं, बिनधुराची मरते म्हणजे उपाशी मरते. हे एवढं एक वाक्य मला पोळ्याला कोणी सांगितलं असतं ना चाचा.

दुसरा प्रश्न, टाकी फुल असली की सकाळी लवकर चालू होते का? हो, होते. मला वाटायचं माझा भ्रम असेल. तिसरा प्रश्न ऐकून तर मी तोंडाकडेच बघत राहिलो. "उतारावर लावते ना, मंग एखाद्या दिवशी धक्का न मारता सेल्फ मारून पाह्यला का?" पाहिला होता. पोरं शाळेत गेली होती त्या दिवशी, आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली होती, आणि मी त्याचं श्रेय मारुतीला दिलं होतं.

तुम्ही म्हणाले, "तुह्या विहिरीवरच्या मोटरीचा फुटबॉल पाणी सोडते तवा काय होते?" फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, पाणी खाली परत जाऊ न देणारा. मग मात्र मला एकदम कळलं. फुटबॉलमध्ये काडी अडकली की रात्रभर पाणी पाइपातून खाली उतरते, सकाळी मोटर नुसती हवेवर फिरते, डबकीनं पाणी भरल्याशिवाय उचलत नाही. इथं पाण्याच्या जागी डिझेल. कुठून तरी हवा शिरते, डिझेल रात्रभर लाइनीतून मागं टाकीकडे परत जाते, सकाळी इंजिनाचा पंप हवा ओढत बसतो. तोंड खाली करून लावली की टाकी वर, पंप खाली, मग डिझेल उतरणार कुठं! टाकी फुल असली तरी तेच, डिझेलला मागं जायला उतारच कमी राहतो.

मी म्हटलं पण चाचा, खाली एक थेंब गळत नाही, मी पुठ्ठा अंथरून पाहिलंय. तर तुम्ही म्हणाले की टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढायची आहे, ढकलायची नाही, तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पुठ्ठ्यावर हवा दिसते का?

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही शेजारच्या गवंड्याकडून लेव्हलच्या पाइपाचा वीतभर तुकडा आणला, फिल्टर आणि पंपाच्या मधे बसवला, गाडी चालू केली. त्या पारदर्शक नळीतून डिझेल जात होतं आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे, एक इथं, एक तिथं. मग मला रेस द्यायला सांगितली आणि नळीत सोडावॉटर झालं. बाटली फोडल्यासारखं. मग तुम्ही बोटावर ग्रीसचा गोळा घेतला आणि एकेक जोड लिंपत गेले, एक, दोन, काही फरक नाही, आणि फिल्टरला येणाऱ्या रबरी पाइपाच्या क्लिपेखाली लिंपलं तसे बुडबुडे थांबले. नळी स्वच्छ, चहासारखी पिवळी. क्लिप सोडली तर खाली रबराला नखाएवढी चीर. फिल्टर बदलताना जुनाच कडक पाइप पिळून काढला आणि तसाच परत चढवला, म्हणून त्रास वाढला होता. वरून तीच क्लिप आवळून आवळून रबरात रुतली होती.

मी तिथंच खूश होऊन निघालो असतो. तुम्ही थांबवलं, की पंपाला एवढं जोरात ओढायची पाळी काऊन आली ते पाहू. टाकीतली जाळी काढली तर काळी, शेवाळ लागल्यासारखी बुळबुळीत, आणि खाली अर्धा ग्लास पाणी. घाटात डिझेल जास्त लागते, जाळी देत नाही, पंप अजून जोरात ओढतो, जेवढा जोरात ओढेल तेवढी हवा त्या चिरीतून. दोन्ही रोग एकमेकाला खाऊ घालत होते.

फूटभर नवीन पाइप, दोन क्लिपा, फिल्टरचं रबर, टाकी धुतली. डिझेल लाइनीच्या छोट्या हँडपंपानं हवा काढली, आणि सेल्फ अर्धा फिरला नाही तर चालू. मी 500 दिले, तुम्ही 200 परत केले. यावर मी अजून नाराज आहे.

आणि हो, पेट्रोलच्या बोळ्यावरून तुम्ही जे ओरडले ते बरोबरच होतं. हीटर लाल असताना पेट्रोलची वाफ आत ओढली तर नको तेव्हा भडका उडते, प्लगची टोकं तुटून आत पडतात, रिंगा जातात, हे मला खरंच माहीत नव्हतं. ज्यानं शिकवलं त्याच्यावर आता राग नाही, त्यालाही कोणी सांगितलं नसेल. चौदा हजारावर आहे थोडा.

परवा धामणगावला साळ्याला रेल्वेवर सोडलं आणि येताना करळगावचा घाट थर्डमध्ये चढलो. पुढं ट्रक होता, मी हॉर्न दिला. हात दाखवला नाही, पण मनात आलं होतं.

घरी पोरं रुसली आहेत, चॉकलेट बंद झालं. शनिवारी येतो चाचा, तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन, उकडून खा, अर्ध्या परत देऊ नका. आणि गाडी तुमच्या दुकानापुढं चढाकडे तोंड करून लावतो, रात्रभर राहू द्या, सकाळी तुमच्याच हातानं सेल्फ मारा.