परिवहन मंत्री साहेब, फॉर्म पाच मिळाला, पण ट्रक चालवायला शिकवणार कोण?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, दहिवडीजवळच्या एका गावातला, वय 27, ट्रकवर क्लिनर आहे. गेल्या आठवड्यात हेवीच्या, म्हणजे ट्रकसारख्या मोठ्या गाडीच्या लायसनच्या, टेस्टला नापास झालो म्हणून हे पत्र लिहितोय. चढावर गाडी थांबवून परत उचलायला सांगितली, गाडी मागं सरकली, इन्स्पेक्टर साहेबांनी खाली उतरवलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, चढावर गाडी मागं न जाता उचलता आली पाहिजे असं नियमातच आहे आणि ते बरोबर आहे. तक्रार ही आहे की ज्या ड्रायव्हिंग स्कूलनं माझ्याकडून 16 हजार रुपये घेतले त्यांनी मला एकदा पण चढावर गाडी दिली नाही, आणि तरी माझ्याकडं त्यांचा सही-शिक्क्याचा फॉर्म पाच आहे, त्यात लिहिलंय की मी ट्रेनिंग पूर्ण केलंय.

नापास झाल्यावर मी 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम मोबाईलवर शोधून वाचले. ट्रान्सपोर्टच्या गाडीसाठी ट्रेनिंग कमीत कमी 30 दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर कमीत कमी 15 तास पाहिजेत. शिकवायची गाडी स्कूलच्या मालकीची पाहिजे, फक्त शिकवायलाच वापरायची, आणि तिला डबल कंट्रोल पाहिजे म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली पण ब्रेक. आमच्या वेळी काय होतं? एक जुना सहा टायरचा ट्रक, तो पण अर्धे दिवस कुठंतरी खडी टाकायला गेलेला, डबल कंट्रोल नाही, पाच-सहा पोरं मागं हौद्यात बसलेली आणि एकेकाला सपाट रस्त्यावर एक चक्कर. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी कधी गेली नाही. रिव्हर्स म्हणजे काय ते आम्ही दुसऱ्याला घेताना बघितलं. मी विचारलं की सर 15 तास कधी भरायचे, तर म्हणाले तुला लायसन पाहिजे का तास पाहिजेत. शिकायचा रेट वेगळा आणि पास व्हायचा रेट वेगळा असं तिथं उघड बोलतात साहेब, कुणी लाजत पण नाही. स्कूलचं नाव मी लिहीत नाही कारण मला परत टेस्ट द्यायचीय.

आता त्या 16 हजाराचं सांगतो. क्लिनरला पगार किती असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, जेवणखाण मालकाचं आणि वर महिन्याला जे हातात पडतं त्यात घर चालत नाही. आईनं दोन शेळ्या विकल्या. उरलेले मालकाकडून उचल घेतले, ती अजून फिटतेय. ट्रेनिंगसाठी गाडी सोडली तेव्हा ती कमाई बुडाली ती वेगळी, पुसेगाव कोरेगाव करत रोजचं एसटीचं भाडं वेगळं, मेडिकलचा दाखला वेगळा. सरकारी टेस्ट फी 300 रुपये आहे, ती मला जड नाही. पण टेस्टला गाडी आपली आपण आणायची, आणि ट्रक काय मोटरसायकल आहे का शेजाऱ्याची मागून आणायला? मग स्कूलचीच गाडी भाड्यानं घ्यायची आणि ते सांगतील तो आकडा द्यायचा. परत टेस्ट म्हणजे परत ते भाडं. तीनदा नापास झालं तर कायद्यानं 60 दिवस थांबायचं, तोपर्यंत ड्रायव्हरची सीट पण हातची जाते, कारण मालक म्हणतो हेवी लायसन आण आणि सीटवर बस, नाहीतर दुसरा पोरगा ठेवतो. आणि ठेवला पण. माझ्या गाडीवर आज जो बसलाय त्याला मी ओळखतो, त्याच्याकडं लायसन आहे आणि त्याला घाटात गाडी येत नाही.

मागं एका रोजगार मेळाव्यात स्टेजवरून सांगितलं होतं की तालुक्यातल्या पोरांना हेवी ड्रायव्हिंगचं मोफत ट्रेनिंग देणार, फॉर्म भरून घेतले, आधार, फोटो, बँकेचं पासबुक, सगळ्याची झेरॉक्स घेतली. टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्यानंतर एक फोन नाही. मी विचारायला गेलो तर तिथल्या बाईंनी सांगितलं वरून काही आलं नाही. वरून म्हणजे कुठून ते कुणीच सांगत नाही.

दिल्लीत गडकरी साहेब लोकसभेत सांगतात देशात 22 लाख ड्रायव्हर कमी आहेत. 1600 ट्रेनिंग सेंटर काढणार, साडेचार हजार कोटी खर्च करणार, हे पण त्यांनीच सांगितलं. 22 लाख ड्रायव्हर कमी, आणि मी इथं स्टिअरिंग मिळावं म्हणून शेळ्या विकतोय, याचा मेळ मला लागत नाही. 2021 पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा नियम आहे, हेवीचा 38 तासांचा कोर्स, तिथून पास झालं की आरटीओची टेस्ट द्यावी लागत नाही. नियम चांगला आहे. पण त्यासाठी दोन एकर जागा पाहिजे, सिम्युलेटर पाहिजे, ट्रॅक पाहिजे, मग कोण काढणार माण-खटावमध्ये? भोसरीला आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवायची संस्था आहे, म्हणजे पुण्यात राहायचं, खोली घ्यायची, खायचं. ज्याच्याकडं एवढे पैसे आहेत तो क्लिनर कशाला होईल?

साहेब, हे फक्त माझ्या नोकरीचं नाही. 2018 ला सरकारनं ट्रकचं वजन वाढवून दिलं, दहा टायरची गाडी 25 टनांवरून साडेअठ्ठावीस टन झाली. शिकायचे तास तेच 15, ते पण कागदावर. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यात फरक काय असतो हे रिकाम्या सहा टायरवर दुसऱ्या गिअरात कुणाला कळणार आहे? एअर ब्रेकचं प्रेशर इंजिनवरच्या कॉम्प्रेसरमधून येतं, उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर बंद, दोनचारदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते, आणि मग पाय दाबून काही होत नाही. न्यूट्रल करून सोडली तर इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापतात आणि ब्रेक धरत नाही. घाट ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात उतरायचा. हे मला स्कूलनं सांगितलं नाही, माझ्या उस्तादनं, म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली क्लिनर आहे त्या ड्रायव्हरनं सांगितलं, लोणंदच्या मार्केटमधून कांदा भरून खाली बेंगलोरकडं जाताना, रात्री, शेजारी बसवून. उस्ताद शाळेत चौथीपर्यंत गेलेत. त्यांच्यासारखी माणसं आता रिटायर व्हायला लागलीत आणि त्यांच्या जागी फॉर्म पाचवाली पोरं येणार आहेत.

खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या त्या वळणावर 2018 ला टेम्पो उलटला, 18 मजूर गेले. पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर कसे सारखे अपघात होतात ते तिथल्या पोराला पण माहितीय. 2022 ला देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजारावर माणसं मेली, हा तुमच्याच सरकारी रिपोर्टमधला आकडा आहे. प्रत्येक वेळी पेपरात येतं, चालकाचा ताबा सुटला. ताबा शिकवला कुणी होता का, हे कुणी विचारतं का?

आणि कायदा करायची वेळ आली की पहिला आठवतो तो ड्रायव्हर. अपघातात माणूस मेला आणि न कळवता पळाला तर 10 वर्षांपर्यंत जेल, संप झाला म्हणून ते कलम थांबलं नाहीतर आजच लागू असतं. तिथं थांबला तर लोक मारतात, पळाला तर जेल. नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, चांगलं केलं, उन्हाळ्यात केबिनमध्ये बसून बघा म्हणजे कळेल किती गरज होती. पण रस्ता रुंद होतो, टोल वाढतो, गाडी मोठी होते, फक्त जो चालवणार त्याच्यावर खर्च करायला कुणाकडं रुपया नाही. महामंडळं ट्रक घ्यायला कर्ज देतात, व्याज पण परत देतात. ट्रक शिकायला 16 हजाराचं कर्ज कुठलीच बँक देत नाही, मी विचारून आलोय. आमच्याकडं दुष्काळी भागात दोनच रस्ते आहेत पोरांना, एक गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, परराज्यात जायचं नाहीतर गाडीवर. ड्रायव्हर झालं की लग्नाला पोरगी कुणी देत नाही ते तर सोडाच.

मला जास्त काही मागायचं नाही. एसटीकडं डेपो आहेत, जागा आहे, रिटायर झालेले चांगले ड्रायव्हर गावोगावी घरी बसलेत. दोन तालुक्यांत मिळून डबल कंट्रोलची एक मोठी गाडी द्या, त्यात माती भरून द्या म्हणजे वजन कळेल, फी चार-पाच हजार ठेवा आणि ती पण हप्त्यानं घ्या. टेस्टच्या ठिकाणी सरकारी ट्रक ठेवा म्हणजे भाड्याची लूट थांबेल. आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक स्कूलचं हेवीचं रजिस्टर मागवा, कुठल्या तारखेला कुठला पोरगा किती वेळ स्टिअरिंगवर होता, ट्रकच्या डिझेलच्या पावत्यांशी ते ताडून बघा. एका दुपारचं काम आहे, खरं-खोटं लगेच बाहेर येईल.

मी टेस्टचा अर्ज परत टाकलाय. भाड्याचे पैसे अजून जमलेले नाहीत.

आपला,
माण तालुक्यातला एक क्लिनर