घाम गाळल्याने चरबी गळत नाही

संपादक महाशय,

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर सकाळी रेनकोट नाहीतर प्लास्टिकचा सूट चढवून धावणारी मुलं दिसतात, तीही ऐन मे महिन्यात! सूट काढला की बाहीतून घामाची धार लागते, काटा किलोभर कमी दाखवतो आणि पोरं खूश होतात. पण उतरलेलं ते पाणी असतं. एक लिटर घाम म्हणजे साधारण एक किलो. तांब्या-दोन तांबे पाणी पोटात गेलं की वजन पुन्हा जागच्या जागी. किलोभर चरबी घटवायला सुमारे ७,७०० कॅलरी खर्ची पडाव्या लागतात.

घाम शरीराला थंडावा देतो तो वाळताना. आपल्या दमट हवेत तो आधीच धड वाळत नाही, म्हणून तर घाटावरचे पाहुणे इथे बसल्या जागी भिजतात. वर प्लास्टिक गुंडाळलं की उष्णता आतच कोंडते. १९९७ मध्ये अमेरिकेत असेच सूट घालून वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. नंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत या सूटांवर बंदी आली.

व्यायामशाळावाल्यांनी हे सूट पोरांच्या गळ्यात मारणं कृपया थांबवावं. मुलांनो, सुती बनियन घाला, उन्हं चढायच्या आत धावून घ्या, वर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत प्या. चक्कर किंवा मळमळ वाटली, तर तिथेच थांबून सावली गाठा.

– एक वाचक, रत्नागिरी