लाळेच्या अहवालावर खेळाडू ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकं बदलून माणसाची ताकद, वेग आणि दम वाढवण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. विज्ञान सोपं करून सांगितलंय, पण मैदानावर त्याचं काय होईल याचा विचार लेखात फारसा नाही. मी लालबागला मुलामुलींना कबड्डी शिकवते, म्हणून हे पत्र.

मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला आवर घालतं. १९९७ साली त्याचं जनुक बंद केलेले उंदीर दुप्पट स्नायूंचे निघाले, हे लेखात आलंय. मात्र अशा उंदरांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, लहान आणि ठिसूळ असल्याचं नंतर दिसलं, ते आलेलं नाही. चढाईपटू बोनस घेऊन गर्रकन मागे फिरतो तेव्हा सगळा भार एका गुडघ्यावर येतो. त्यात कोपरारक्षकाने घोटा धरला की चढाईपटू जीव खाऊन मध्यरेषेकडे ओढ घेतो. मांडी कितीही भरलेली असली, तरी तुटतं ते सांध्यापाशीच. तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं जनुक माकडांना टोचलं, तर काहींचं रक्त इतकं दाट झालं की ते काढून टाकावं लागलं. काहींच्या शरीराने स्वतःचंच एरिथ्रोपोएटिन परकं ठरवलं आणि त्यांना तीव्र रक्तक्षय झाला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००३ मध्येच जनुकीय उत्तेजनावर, म्हणजे खेळात सरस ठरण्यासाठी जनुकं बदलण्यावर, बंदी घातली, ती योग्यच होती.

पण सज्ञान खेळाडूला निदान नाही म्हणता येतं. मुलांचं काय? २०१८ मध्ये चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांची जनुकं बदलली आणि जुळ्या मुली जन्माला घातल्या. हेतू एचआयव्हीपासून संरक्षणाचा होता म्हणे! त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींना मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि तो बदल त्यांच्या लेकरांतही उतरू शकतो. उद्या हेच वेगासाठी, उंचीसाठी मागितलं जाईल.

उद्याचं कशाला, मागणी आजच दिसतेय. लाळेच्या नमुन्यावरून केलेल्या ‘क्रीडा-जनुक’ चाचणीचे अहवाल घेऊन पालक मैदानावर येतात. एका मुलीकडे एसीटीएन३ जनुकाचा वेगाशी जोडला जाणारा प्रकार नाही, म्हणून वडील तिचं नाव काढायला आले होते. ही मुलगी कोपऱ्यात उभी राहून समोरच्याच्या खांद्यावरून ओळखते की पाय कुठे पडणार. वडिलांना तिचा एक सामना नीट बघायला बसवलं, तेव्हा कुठे ते थांबले. प्रतिभाशोधासाठी अशा चाचण्या वापरू नयेत, असं क्रीडा-जनुकशास्त्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकमुखाने सांगितलंय. तरी त्या विकल्या जातात आणि लहान मुलांवर शिक्का बसतो.

माझा विरोध विज्ञानाला नाही. रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करून रक्ताच्या कर्करोगाशी लढणारी नेक्सकार१९ ही उपचारपद्धती पवईची आयआयटी आणि आमच्या परळचं टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून उभी राहिली. तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, याचा मला फार अभिमान आहे. त्याच वर्षी सिकलसेल आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांवर क्रिस्परचा, म्हणजे जनुकं कापून बदलण्याच्या तंत्राचा, उपचार ब्रिटनमध्ये मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दर काही आठवड्यांनी रक्त चढवून घेणारी मुंबईतली मुलं आणि पालघरच्या पाड्यांवरचे सिकलसेलचे रुग्ण यांच्यापर्यंत तो कधी पोहोचणार? पैसा आणि बुद्धी आधी तिकडे लागू द्या. धडधाकट मुलाला आणखी धडधाकट करण्याची घाई कुणाला आहे?

भ्रूणाच्या जनुकांत बदल करायला आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. पण तत्त्वांना कायद्याची धार नसते, त्यामुळे शिक्षेची तरतूद असलेला स्पष्ट कायदा हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘क्रीडा-जनुक’ चाचण्यांची विक्री थांबवावी. आणि क्रीडा खात्याने शाळांना व मंडळांना लेखी कळवावं, की निवड चाचणीत जनुकीय अहवाल मागायचा नाही आणि पालकांनी आणून दिला तरी तो विचारात घ्यायचा नाही.

आपली,
एक कबड्डी प्रशिक्षिका, लालबाग, मुंबई